दुखण्याचा दाखला



आपल्या साप्ताहिकाच्या कुटुंब पानावर नोकरी लागलेल्यांचे, परदेशी शिकायला गेलेल्यांचे अनुभव येतात. ते वाचून अभिमान वाटतो. मी आज लिहीत आहे तो अनुभव सरकारी दवाखान्याच्या रांगेतला आहे. मी पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातली, विडी कामगार बाईची मुलगी. शिक्षण बारावीपर्यंत. मला सिकलसेल आहे, तोही दोन्ही बाजूंनी आलेला, म्हणजे एसएस. हे दुखणे सरकारच्या कागदावर चढवायला मला २०१९ ते २०२५ अशी सहा वर्षे लागली. आपल्या वस्त्यांमध्ये हा आजार ठाऊक सगळ्यांना आहे आणि झाकून ठेवलेलाही सगळ्यांनीच आहे. म्हणून हे लिहावेसे वाटले.

ज्यांच्या घरी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात. सिकलच्या रुग्णाच्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्याच्या पात्यासारख्या वाकतात, ताठ होतात आणि बारीक नसांमध्ये अडकून बसतात. जिथे अडकल्या तिथला रक्ताचा पुरवठा बंद, आणि तिथेच दुखणे सुरू. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे एएस, तर दर बाळंतपणात चारात एक या हिशेबाने एसएस मूल होण्याची शक्यता असते. वाहकाला स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो, त्यामुळे आपण वाहक आहोत हे त्याला कळतही नाही. मागच्या जन्माचे पाप, कुणाची करणी, बाहेरची बाधा यांचा याच्याशी कवडीचाही संबंध नाही. १९५४ साली ॲलिसन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की वाहकांना जीवघेण्या हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. पाण्याचा आणि रानाचा मुलूख, पिढ्यान्पिढ्या हिवताप. त्यात जे तगले त्यांच्या रक्तात हा गुण राहून गेला, इतकाच याचा अर्थ. मध्य भारतातल्या सिकलबद्दल शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ सालीच ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय पत्रिकेत लिहिले होते. म्हणजे आपल्या भागातली ही गोष्ट जगाला कळून साठ-पासष्ट वर्षे झाली. तहसील कचेरीत ती अजून पोचायची होती.

दुखणे कसे असते? आमच्याकडे दुखण्याला पुष्कळ शब्द आहेत. ठणकते, सलते, कळ येते, चमक निघते, हाडं फुटतात. सिकलमध्ये हे सगळे शब्द एकाच रात्री लागतात. मांडीच्या हाडात कुणी गिरमिट फिरवतो आहे असे वाटते. कूस बदलता येत नाही आणि बदलल्याशिवाय राहवतही नाही. कधी चार तास, कधी चार दिवस. मग एक सकाळ अशी येते की दुखणे गेलेले असते. त्या सकाळी मी उठते, अंगण झाडते, पाणी भरते, आणि शेजारीण म्हणते, “काल तर मरत होती न वं, आज कशी टुणटुण चालून रायली?” त्यातच सगळी अडचण आहे. मोडलेला हात लोकांना दिसतो. हे दुखणे आले तेव्हाही दिसत नाही, गेले तेव्हाही काही खूण ठेवत नाही.

अकरा वर्षांची होते तेव्हा आईसोबत रोवणीला गेले. आषाढाचा पाऊस, बांधीत पोटऱ्यांपर्यंत गार पाणी. दुपारी दोन्ही पाय धरले आणि मी बांधावर पडले. बायका म्हणाल्या, कामाचा कंटाळा. तेव्हापासून माझे नाव ‘नाटकी’ पडले, ते शाळेतही गेले. गार पाणी, थंडी, ताप, अंगातले पाणी कमी होणे, जादा श्रम, यांनी सिकलचे झटके येतात हे २००३ मध्ये कळले. गावात रक्त तपासणीचे शिबिर झाले, त्यात माझे नाव निघाले. शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी आईला सगळे समजावून सांगितले आणि एक चिठ्ठी दिली. आईने ती चिठ्ठी ट्रंकेच्या तळाशी, लुगड्याच्या घडीखाली ठेवली. मुलीची जात, उद्या लग्न व्हायचे आहे, कुणाला कळता कामा नये.

आणि नाहीच कळले. २०१० साली माझे लग्न विहारात बौद्ध पद्धतीने झाले. आपण पत्रिका पाहत नाही, गुण जुळवत नाही, हुंडा-मानपान नाही, याचा आमच्या वडिलांना मोठा अभिमान होता. रक्त मात्र कुणी विचारले नाही आणि आमच्या बाजूने कुणी सांगितले नाही. मी एकवीस वर्षांची होते. मला या बाबतीत कुणी तोंड उघडू दिले नाही. सासरी पहिला झटका आला तेव्हा तो ‘वात’ ठरला, दुसरा ‘टायफॉइड’. खाजगी डॉक्टर सुई टोचायचे, सलाईन लावायचे, पैसे घ्यायचे. आजाराचे खरे नाव त्यांना कुणी सांगितले नव्हते, म्हणून त्यांच्या एकाही कागदावर सिकल हा शब्द नाही. २०१२ मध्ये मुलगी झाली, त्या वेळी रक्त चढवावे लागले आणि मोठ्या दवाखान्यात सगळे उघडे पडले. २०१३ मध्ये मला माहेरी आणून सोडले. सासरच्यांना मी दोष देणार नाही; त्यांची फसवणूक झाली होती. पण जी फसवली गेली तीच परत पाठवली गेली, हेही तितकेच खरे आहे.

हा जुना पाढा अशासाठी वाचला की पुढे अर्ज करताना प्रत्येक टेबलावर हीच झाकपाक आडवी आली.

२०१६ पूर्वी आमच्यासाठी अर्ज करण्याची सोयच नव्हती. १९९५ च्या अपंग कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यांत रक्ताचा आजार नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात एकवीस प्रकार आहेत. हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे तिन्ही रक्तविकार त्यात आले. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ हा शब्दही तेव्हापासून रुळला. शब्दाबद्दल माझी तक्रार नाही. पण दवाखान्यात बसायचे बाकडे जुनेच होते आणि त्याचा एक पाय तुटलेला होता.

ही सगळी माहिती मला आमच्या विहारातल्या एका वयस्क गृहस्थांनी दिली. ते रेल्वेतून निवृत्त झालेले कामगार, सगळी वस्ती त्यांना भाऊ म्हणते. त्यांनी कायद्याच्या परिशिष्टाची झेरॉक्स आणून दिली, सिकलसेल या शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि म्हणाले, “बाई, अर्ज कर.”

आईचे उत्तर ठरलेले होते. “आपल्या बाबासाहेबांनं भीक मांगाले नाही शिकवलं. धडधाकट पोरीले अपंग म्हणून घेऊ काय मी?”

भाऊ आईवर चिडले नाहीत. त्यांनी विचारले, बाबासाहेबांचे पाय किती दुखायचे ठाऊक आहे का? मधुमेह होता, पायांच्या नसांचे दुखणे होते, रात्र-रात्र झोप नसायची. त्याच काळात घटनेचे काम चालू होते. उपचारासाठी मुंबईला डॉ. मालवणकरांकडे जावे लागले. तिथेच डॉ. शारदा कबीर यांची ओळख झाली आणि १९४८ च्या एप्रिलमध्ये लग्न झाले, त्या आपल्या माईसाहेब. आणि त्याच घटनेत कलम ४१ आहे. बेकारी, म्हातारपण, आजार आणि अपंगत्व अशा वेळी सरकारी साहाय्य मिळण्याचा हक्क लोकांना मिळवून द्यावा, असे राज्याला सांगणारे कलम. ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे, म्हणजे त्याच्या जोरावर थेट कोर्टात जाता येत नाही, हेही भाऊंनी सांगितले. ते अर्धी माहिती देणाऱ्यांतले नव्हते. पण ही भीक आहे की काय, याचे उत्तर त्या कलमात आहे, असे त्यांचे म्हणणे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा विचार करायला अडारकर यांची नेमणूक झाली आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. “त्या विम्याच्या दवाखान्यात मोठमोठ्या कारखान्यातले कामगार ताठ मानेनं जातात. तिथं कोणी भीक म्हणत नाही,” भाऊ म्हणाले.

आई त्या दिवशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ट्रंक उघडली. लुगड्याची घडी होती, पण मधल्या एका पावसाळ्यात ट्रंकेत पाणी गेले होते आणि शिबिराच्या चिठ्ठीचा लगदा झाला होता.

२०१९ मध्ये ऑनलाइन अर्ज भरला. आधार कार्ड, फोटो, सही, पत्ता, कुठल्या दवाखान्यात तपासणी हवी ते. सेतूवाल्या मुलाने भरून दिला. मग तपासणीच्या दिवशी सकाळी सहाच्या बसने निघाले. रांगेत काठ्या, कुबड्या, तीनचाकी सायकली. काळा चष्मा घातलेले एक गुरुजी. पाठीवर मुलगा घेतलेली एक आई. माझ्या पुढे तीनचाकीवर बसलेले एक गृहस्थ होते. बराच वेळ माझ्याकडे पाहून त्यांनी अगदी सहज विचारले, “ताई, तुमचा पेशंट कुठं हाय?”

मीच पेशंट, म्हटल्यावर ते ओशाळले. मला मात्र त्यांचा राग आला नाही. ज्याला दोन्ही पाय नाहीत त्याने, दोन पायांवर उभ्या असलेल्या बाईला असे विचारले तर त्यात नवल ते काय? पण तोच प्रश्न थोड्या वेळाने आत टेबलावर निराळ्या शब्दांत आला, तेव्हा घसा कोरडा पडला. सिकल आहे हे कशावरून? वर्षात झटके किती? भरती किती वेळा? रक्त किती वेळा चढवले? डिस्चार्ज कार्डे कुठे आहेत? डॉक्टर वाईट वागले नाहीत. त्यांच्यासमोर शंभरावर माणसे बसलेली होती. त्यांनी कागद मागितले आणि माझ्याकडे तोंडी सांगण्याखेरीज काही नव्हते. सासरची तीन वर्षे ‘वात’ आणि ‘टायफॉइड’मध्ये गेलेली, माहेरची सहा वर्षे दुखले तरी दवाखान्यात न जाता गरम विटेने शेकण्यात गेलेली. गरीब माणूस दुखणे अंगावर काढतो आणि मग त्या दुखण्याचा पुरावा उरत नाही. आधी रक्ताची तपासणी करायला पाठवले. तिचा अहवाल यायला तीन आठवडे. शेवटी दाखला मिळाला तो वीस टक्क्यांचा, एका वर्षापुरता.

वीस टक्क्यांत काय मिळते? तसे पाहिले तर काहीच नाही. संजय गांधी निराधार योजनेला किमान चाळीस टक्के लागतात. केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतनाला तर ऐंशी. कार्डावरच्या पट्टीचा रंगसुद्धा टक्क्यांप्रमाणे असतो. चाळीसच्या खाली पांढरी, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळी, त्यावर निळी. पांढरी पट्टी म्हणजे सरकारने तुमचे दुखणे ऐकून घेतले, पुढे काही नाही. वर्ष संपता संपता करोना आला, दवाखाने बंद, दाखला संपला, मी घरी.

त्या टाळेबंदीच्या दिवसांत भाऊंनी मला कागद ठेवायला शिकवले. एक पुठ्ठ्याची फाईल, एक पंच मशीन आणि भिंतीवरचे कॅलेंडर. आमच्याकडे दरवर्षी बाबासाहेबांचे आणि भगवान बुद्धांचे चित्र असलेले, पौर्णिमा दाखवणारे कॅलेंडर येते. भाऊ म्हणाले, दुखले त्या दिवशी तारखेभोवती लाल गोल कर, कुठे दुखले ते एका शब्दात लिही, कामावर गेली नसशील तर फुली मार. आता दुखले की आधी सरकारी दवाखान्यातच जायचे, ओपीडीची चिठ्ठी सांभाळायची, त्यावर डॉक्टरांनी सिकल हा शब्द लिहिला आहे का ते तिथेच वाचायचे, नसेल तर हात जोडून लिहून मागायचे. भरती झाले तर डिस्चार्ज कार्ड घेतल्याशिवाय फाटकाबाहेर पडायचे नाही. मोठे केस पेपर दवाखान्यातच राहतात, आपल्या हाती तेवढे एक कार्ड येते. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढायच्या, मूळ कागद कुठल्याही टेबलावर सोडायचा नाही. रक्त चढवले असेल तर तारीख आणि किती पिशव्या ते.

हे काम सोपे वाटते, पण नव्हते. झटका आलेल्या माणसाला शब्द वाचायची शुद्ध नसते. ते काम माझ्या मुलीने उचलले. ती तेव्हा आठ वर्षांची होती. नर्सबाईंना ती विचारायची, “सिकल लिवलं का?” एक-दोघी चिडल्या. एका नर्सबाईने मात्र तिच्या हातात पेनच दिले आणि म्हणाली, दाखव कुठं लिहू.

त्या वर्षी वर्षावासात भन्तेजींनी मज्झिम निकायातली एक गोष्ट सांगितली. कपिलवस्तूला शाक्यांनी नवे सभागृह बांधले होते. भगवंतांनी तिथे रात्री उशिरापर्यंत उपदेश केला, मग त्यांची पाठ दुखू लागली. त्यांनी सर्वांदेखत तसे सांगितले, पुढचे आनंदाला बोलायला लावले आणि स्वतः आडवे झाले. विहारातून परतताना आई माझ्या मागे चालत होती. एकदम म्हणाली, “त्यायनं तर लपवलं नाही.” एवढेच. घरापर्यंत पुन्हा काही बोलली नाही.

मधल्या काळात नियमही थोडे बदलले. २०२३ मध्ये सरकारने सिकलच्या दाखल्याची मुदत एका वर्षावरून तीन वर्षांची केली. पाच वर्षांहून मोठ्या रुग्णाला, किमान पंचवीस टक्क्यांच्या हिशेबाने. त्याच वर्षी १ जुलैला मध्य प्रदेशात शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा असे त्याचे उद्दिष्ट. अभियानाचा सगळा रोख आदिवासी भागांवर आहे. आदिवासी बांधवांची तपासणी व्हायलाच पाहिजे, ती फार आधी व्हायला हवी होती. पण आमच्या टोल्यांत आणि शहरांतल्या आपल्या झोपडपट्ट्यांत हाच आजार तेवढाच जुना आहे, आणि तिथे तो केवळ आदिवासींचा रोग म्हणून लोक हात झटकतात. आपलेच लोक झटकतात, हे जास्त लागते.

२०२४ मध्ये दुसऱ्यांदा गेले तेव्हा फाईल होती. साडेतीन वर्षांची कॅलेंडरे, सात डिस्चार्ज कार्डे, रक्ताचा अहवाल. टेबलावरच्या तरुण डॉक्टरांनी कॅलेंडर चाळले. हा काही वैद्यकीय पुरावा नव्हे, असे त्यांनी सांगितले आणि तरीही पेन्सिल घेऊन लाल गोल मोजत बसले. मोजून झाल्यावर विचारले, खुब्यात इतक्या वेळा का लिहिले आहे? चालून दाखवा. मी चालले. वर्षभरापासून उजवा पाय थोडा ओढत होता. मला वाटत होते तो त्याच दुखण्याचा भाग असेल. त्यांनी एक्स-रे काढायला लावला. रक्त न पोचल्यामुळे खुब्याच्या हाडाचा गोळा झिजत चालला होता. सिकलमध्ये हे पुष्कळांना होते म्हणे. आपल्यापैकी कुणाच्या घरी सिकलचे माणूस लंगडत असेल तर त्याला हाडाच्या डॉक्टरांना जरूर दाखवावे, नुसते शेकत बसू नये.

रक्ताच्या आजाराचे तीस टक्के आणि खुब्याचे अठरा टक्के धरले. साध्या हिशेबाने अठ्ठेचाळीस होतात. पण सरकारी बेरीज निराळी असते. मोठा आकडा तसाच ठेवायचा, नव्वदमधून तो वजा करायचा, जे उरेल त्याला लहान आकड्याने गुणायचे, नव्वदने भागायचे आणि ते मोठ्या आकड्यात मिळवायचे. नव्वदमधून तीस गेले साठ, साठ गुणिले अठरा, भागिले नव्वद, बारा. तीस आणि बारा बेचाळीस. माझ्या मुलीने ते गणित बाहेरच्या बाकड्यावर बसून वहीच्या मागच्या पानावर करून पाहिले. जमले. बेचाळीस टक्के, तीन वर्षांसाठी, पिवळी पट्टी. दोन टक्क्यांनी मी अलीकडच्या काठाला लागले. त्याच रांगेतला एक विशीतला मुलगा, सिकलचाच, पस्तीसवर राहिला. दाखल्यावरचा निर्णय मान्य नसेल तर कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे अपील करता येते, हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, पुन्हा दोन दिवसांची मजुरी कोण देईल?

त्या मुलाची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपली बरीच मुले या भरवशावर आहेत. चाळीस टक्क्यांवर दाखला असेल तर उच्च शिक्षणाच्या प्रवेशात पाच टक्के राखीव जागांमध्ये सिकलचा विद्यार्थी बसतो. पण सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणात रक्तविकार धरलेले नाहीत. कायद्याच्या कलम ३४ मध्ये ज्यांची नावे आहेत त्यांत सिकल नाही. म्हणजे शिकण्यापुरते दिव्यांग, नोकरीपुरते धडधाकट! ज्याला वर्षातून पाच-सहा वेळा दवाखान्यात पडावे लागते त्याला रोजंदारीपेक्षा बसून करायच्या नोकरीची गरज जास्त. आपल्या संघटनांनी निवेदने पुष्कळ विषयांवर दिली आहेत. या विषयावर एखादे द्यावे अशी माझी विनंती आहे.

तहसील कचेरीचे फार लांबवत नाही. संजय गांधी योजनेसाठी अपंगत्वाचा दाखला, रेशन कार्ड, आधार, बँकेचे पासबुक, पंधरा वर्षांचा रहिवास आणि उत्पन्नाचा दाखला. दिव्यांगासाठी कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला पन्नास हजारांच्या आत हवे. आईच्या विड्या आणि माझी शिलाई मिळून ते तसे होतेच, त्याला कुणाची मेहरबानी लागली नाही. पण विचार करा, घरात एक धड माणूस रोज कामावर जात असेल तर त्याची वर्षाची मजुरी पन्नास हजारांवर जाते आणि दुखणाऱ्या माणसाचा हक्क तिथे संपतो. टेबलावरच्या साहेबांनी कार्ड उलटसुलट करून विचारले, “रक्तातलं अपंगत्व? हे कोणतं नवीन?” मी भाऊंनी दिलेली झेरॉक्स पुढे केली. लाल रेघ फिकी झाली होती, पण दिसत होती.

अर्ज २०२५ मध्ये मंजूर झाला. सुरुवातीला महिन्याला दीड हजार होते. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी अडीच हजार झाले. या पैशांत घर चालत नाही, ते कुणी सांगायला नको. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण साठा संपला की बाहेरून घ्याव्या लागतात. दवाखान्याचे बसभाडे आहे. आणि या पावसाळ्यात पहिल्यांदा मी रोवणीला गेले नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा आषाढ माझ्या पायांना कोरडा गेला. या एका गोष्टीची किंमत मला आकड्यांत सांगता यायची नाही.

भाऊ २०२४ च्या हिवाळ्यात गेले. मंजुरीचा कागद त्यांना दाखवायचा राहिला. त्यांची पंच मशीन त्यांच्या सूनबाईंनी मला आणून दिली. आता वस्तीतल्या अकरा जणांच्या फायली आमच्या घरी तयार होतात, रविवारी वंदनेनंतर. त्यातल्या तिघांनी अजून घरच्यांना सांगितलेले नाही, म्हणून त्यांच्या फायली आमच्याच कपाटात असतात. माझी मुलगी तेरा वर्षांची झाली. तिचे वडील एए, त्यामुळे ती वाहक आहे, रुग्ण नाही. हे तिला ठाऊक आहे आणि तिच्या मैत्रिणींनाही तिने सांगून टाकले आहे.

माझा दाखला २०२७ मध्ये संपतो. तेव्हा पुन्हा तीच रांग, पुन्हा तेच टेबल. खुब्याचे हाड तोवर सुधारणार नाही आणि रक्तही बदलणार नाही, तरी पुन्हा जाऊन दाखवावे लागेल.

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीला पाहायला मुलाकडची मंडळी आली होती. मुलगी एएस आहे. चहापाणी झाले, शिक्षणाचे, कामाचे विचारून झाले. आई कोपऱ्यात विड्यांचे सूप मांडीवर घेऊन बसली होती. सूप बाजूला ठेवून तिने मुलाच्या बापाला विचारले, “दादा, पोराचं रक्त तपासलं हाय का? आमच्या पोरीचा कागद हे घ्या, पाहून घ्या.” मावशीचा चेहरा पांढरा पडला. मुलाच्या बापाने कागद हातात घेतला, घडी उघडून पाहिला आणि पुन्हा घडी घातली. घरी विचारून कळवतो, म्हणाले. मुलगा मात्र जाताना दारात थांबला आणि ही तपासणी कुठे होते, असे त्याने आईला विचारले.

अजून निरोप आलेला नाही.